ओढायचा रंधा

भिंत सरकताना जो आवाज होतो तो बाळाप्पा मेस्त्रींनी पहिल्यांदा ऐकला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ओल्या पाटीवरून बोट ओढावं तसा तो बारीक आवाज होता आणि भिंत त्यांच्याच घराची होती.

मेस्त्री तेव्हा फरशीवर बसून एका सागवानी फळीला रंधा मारत होते. आवाज आला तसं त्यांना वाटलं, पातं बोथटलं. त्यांनी रंधा थांबवला, आवाज थांबला. रंधा ओढला, आवाज आला. मेस्त्री मुळातच सावकाश माणूस. घाईनं त्यांनी कधी खिळासुद्धा ठोकला नव्हता. त्यांनी पातं काढलं, दगडावर पाणी टाकून घासलं, नखावर धार बघितली, परत बसवलं आणि ओढलं. आवाज आधीपेक्षा स्वच्छ आला. मग त्यांनी तो मनावर घेतला नाही. लाकूड बोलतं, लोखंड बोलतं, तर भिंतीनंच का गप्प बसावं, असं म्हणून ते जेवणापर्यंत काम करत राहिले.

जेवण झाल्यावर त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, जरा लवंडायला सतरंजी टाकली.

"अहो, सतरंजी दुमडायला लागली," त्या म्हणाल्या. "भिंतीला टेकतीय."

"धुतलीस काय? वाढली असंल."

"धुतल्यावर कापड आटतं. वाढलेलं कुठं बघितलंय तुमी?"

मेस्त्रींनी टेप लावला. खोली चार बोटं कमी भरली. त्यांनी टेप दुसऱ्या टोकानं लावून बघितला. तिकडूनही चार बोटंच कमी होती. टेपात खोट नव्हती.

हे घर सांगलीत, संतोषनगर सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली आणि मागं स्वयंपाकघर, एवढंच. वय झाल्यावर बाहेरची कामं सुटली, तसं मेस्त्री घरातच बारीकसारीक करू लागले. घरात करवत चालवायची तर आपल्याकडची हत्यारं आडवी येतात. त्यांना टेबल लागतं, उभं राहायला जागा लागते, ढकलायला अंगात जोर लागतो. जपानी हत्यारांना यातलं काही लागत नाही. ती बसून चालवतात आणि ती ओढायची असतात. करवत आपल्याकडे ओढली की कापते, रंधा आपल्याकडे ओढला की साल निघते. ही हत्यारं मेस्त्रींना हिराओका नावाच्या साहेबांनी दिली होती. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला ते आले होते, आणि मेस्त्रींनी त्यांच्या बंगल्यात चपलांची मांडणी करून दिली होती. दर रविवारी साहेब स्वतःही मांडी घालून लाकूड तासत बसायचे. परत जाताना त्यांनी करवत, रंधा, तीन पटाश्या आणि धार लावायचा पाण्याचा दगड कापडात गुंडाळून मेस्त्रींच्या हातात दिला. "ओढा," एवढं त्यांना मराठी येत होतं. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवून बराच वेळ काहीतरी सांगितलं. मेस्त्रींनी मान डोलावली. पाहुण्या माणसाला दोनदा विचारणं बरं दिसत नाही.

त्यांच्या देशात भिंती कागदाच्या असतात आणि मुळातच सरकत्या असतात, असं मेस्त्रींना मागाहून कळलं. त्यामुळे तिकडे याचं कुणाला विशेष वाटत नसावं.

नियम साधा होता. ज्या भिंतीकडे तोंड करून रंधा ओढावा, ती भिंत ओढणाऱ्याकडे येते. साल जितकी लांब आणि अखंड, तितकी भिंत जास्त येते. आपल्याकडचा रंधा पुढं ढकलायचा असतो, पण त्यानं भिंत पुढं जात नाही. जात असती तर सांगली जिल्ह्यात एक घर जागेवर राहिलं नसतं. मेस्त्रींनी बाजू बदलून बघायचा विचार केला. पण खिडकीकडे तोंड करावं तर रस्ता रुंद होणार, आणि तो पालिकेला फुकट कशाला द्यायचा? दाराकडे तोंड करावं तर जिना आत येणार. स्वयंपाकघराच्या भिंतीत दार असल्यामुळे तिथं फळी लांब टाकताच येत नव्हती. राहिली शेजारच्या मगदूमांची भिंत. फळी तिकडे तोंड करून बसलं तरच मावत होती.

आणि फळी पुरी होणं गरजेचं होतं, कारण ती झोपाळ्याची होती.

मेस्त्रींनी जन्मभर दुसऱ्यांचे झोपाळे केले. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा शेवंताबाई एकदा विश्रामबागेतल्या एका बंगल्यात त्यांचा डबा घेऊन गेल्या होत्या. झोपाळा नुकताच टांगला होता. घरच्यांपैकी कुणी नाही असं बघून त्या त्यावर बसल्या आणि पायानं हलकासा झोका घेतला. तेवढ्यात मालकीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "उठा, उठा, डाग पडंल." शेवंताबाई उठल्या. डाग पडला नव्हता. हे त्या घरी येऊन काही बोलल्या नाहीत, पण मेस्त्री तेव्हा पलीकडच्या खोलीत शिडीवर होते, आणि त्यांनी ते वरून, उघड्या दारातून पाहिलं होतं. आता शेवंताबाईंना गुडघ्यांमुळे मांडी घालून बसवत नव्हतं आणि खुर्चीवर पाय सुजत होते. मेस्त्रींनी एक चांगली फळी आणली आणि तिला पॉलिश न लावता, नुसत्या रंध्यानंच अशी चकाकी आणायची ठरवली की तिच्यात तोंड दिसावं.

तर, फळी जशी गुळगुळीत होत होती तशी झोका घ्यायची जागा कमी होत होती.

आठवड्यानं शेजारचे श्रीपाल मगदूम दारात आले. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि अजूनही दारात आले की आधी आतली माणसं मोजल्यासारखं बघत.

"मेस्त्री, जरा आमच्यात येता काय? एक गोष्ट दावायची हाय."

मगदूमांच्या खोलीत करडी शहाबादी फरशी होती. भिंतीकडेला मात्र तांबड्या फरशीची एक पट्टी दिसत होती.

"ही आमच्यातली न्हवं," श्रीपाल म्हणाले.

शेवंताबाई मागोमाग आल्या होत्या. त्या वाकल्या आणि फरशीचा एक टवका बोटानं चाचपला. "ही आमची. हितं माझा खलबत्ता पडला होता."

"तसंच वाटलं मला," श्रीपाल म्हणाले. "मग आता पुसायची कुणी?"

"आजपत्तोर मी पुसत होते."

"तुमी कशाला येताय पुसायला वैनी, आमी पुसतो की."

एवढं ठरलं आणि चहा झाला. चहा पिताना श्रीपालांच्या पत्नी पद्मावती तांबड्या पट्टीकडे सारख्या बघत होत्या. त्यांचा मुलगा सन्मती बँकेत होता, स्वभावानं गरीब होता, पानसुपारीसुद्धा खात नव्हता, पण त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे यायचे, पोहे खायचे, मुलगा पसंत करायचे आणि मग खोलीभर नजर फिरवून विचारायचे, "आणि पोरं झोपायची कुठं?"

"मेस्त्री," पद्मावती म्हणाल्या, "फळीचं काम अजून लई हाय का हो?"

"हाय थोडं."

"होऊ दे की मग सावकाश. चांगलं काम सावकाशच होतं."

रविवारी सकाळी गच्चीवर सोसायटीची सभा झाली. अध्यक्ष उमराणी पोस्टातून निवृत्त झालेले होते, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट योग्य पत्त्यावर जावी असं वाटे.

"विषय पहिला," ते म्हणाले. "भिंत."

"पाण्याच्या टाकीचं काय झालं?" मागून आवाज आला.

"टाकी दुसरा विषय. भिंत आधी घेऊ, कारण ती हलतीय. टाकी जाग्यावर आहे." त्यांनी चष्मा पुसला. "प्रश्न असा की, याला बांधकाम म्हणायचं का? हातोडा लागलेला नाही. वाळू आलेली नाही. तेव्हा बांधकाम म्हणता येत नाही. अतिक्रमण म्हणावं तर ते घेणारा करतो. इथं देणाराच ओढतोय."

"मग दान म्हणा."

"दान म्हणायला हातावर पाणी सोडावं लागतं. मेस्त्री, तुम्ही पाणी सोडलं होतं का?"

"दगडावर टाकलं होतं," मेस्त्री म्हणाले. "पातं घासायला."

"ते धरता येत नाही."

तिसऱ्या मजल्यावरचे चौगुले उभे राहिले. मेस्त्रींच्या बरोबर वर त्यांची खोली होती. "माझी एक सूचना. मेस्त्रींनी वर तोंड करून रंधा ओढला तर?"

"छत खाली येईल," उमराणी म्हणाले.

"म्हणजे आमची जमीन खाली जाईल. खोलीला उंची येईल. मला माळा काढायचाय."

"वर तोंड करून रंधा धरता येत न्हाई," मेस्त्री सांगू लागले. "फळी तोंडावर पडती."

"मग राहू दे," चौगुले समजुतीनं म्हणाले आणि खाली बसले.

शेवटी असं ठरलं की दुपारी दोन ते चार कुणी भिंत ओढू नये, झोपमोड होते. भिंत ज्याच्या घरातून जाईल त्यानं वायरींची काळजी घ्यावी. आणि मेस्त्रींना आपली जागा परत हवी असल्यास त्यांनी मगदूमांच्या खोलीत बसून, याच भिंतीकडे तोंड करून रंधा ओढावा, म्हणजे ती होती तिथं येईल. मात्र त्याला मगदूमांची परवानगी लागेल.

"परवानगी कसली?" श्रीपाल म्हणाले. "कवापण या की मेस्त्री. घर तुमचंच हाय."

सगळ्यांना हे आवडलं, आणि टाकीचा विषय पुढच्या सभेवर गेला.

सभेच्या दुसऱ्या दिवशी पद्मावती पोळपाट घेऊन आल्या. तो मध्ये खोल गेला होता. मेस्त्रींनी तो रंधून दिला. मग पाट आले, देव्हाऱ्याची फळी आली, आजोळहून आलेलं जुनं परातीएवढं लाकडी झाकण आलं. कामाबरोबर कधी चकल्या येत, कधी वाटीभर आमटी. मेस्त्रींना कळत होतं. पण पोळपाट खरोखरच खोल गेला होता, आणि खोल गेलेला पोळपाट समोर असताना सुतारानं हात बांधून बसणं त्यांना जमत नव्हतं.

"तुमचा रंधा, आपली भिंत, आणि लगीन त्यांच्या पोराचं," शेवंताबाई म्हणाल्या.

"होऊ दे की. पोरगं चांगलं हाय."

"पोराला कोण नाव ठेवतंय? मी तुमाला ठेवतीय."

जयसिंगपूरचं स्थळ आलं तेव्हा मुलीकडच्यांनी पोहे खाल्ले, नजर फिरवली, आणि "पोरं झोपायची कुठं?" असं विचारलं. श्रीपालांनी भिंतीकडे हात केला. "ही जागा रोज वाढतीय," ते म्हणाले. मुलीचे वडील शेतकी खात्यात होते. वाढीचा वेग बरा आहे, असं ते म्हणाले आणि सुपारी फुटली.

नवीन जोडप्याला खाट हवी होती. लाकूड मगदूमांनी आणलं आणि खाट मेस्त्रींनी केली. आयुष्यात त्यांनी इतकी नीट खाट केली नव्हती. एकही खिळा नव्हता. सगळे सांधे पटाशीनं काढलेले, एकात एक बसलेले. खाट मोठी होती, रंधा पुष्कळ मारावा लागला, पण त्याचा एक फायदा झाला. इकडे खाट पुरी झाली तेव्हा तिकडे तिच्यापुरती जागाही पुरी झाली होती. श्रीपाल आणि सन्मतीनं ती उचलून नेली आणि भिंतीला डोकं लावून ठेवली. बरोबर बसली.

पण सून आली ती माहेरचं लोखंडी कपाट घेऊन आली. कपाटाला जागा नव्हती. पद्मावती लाकडी चौरंग घेऊन मेस्त्रींकडे आल्या.

असं होता होता मेस्त्रींची खोली बोळाएवढी झाली. शेवंताबाई भिंतीला पाठ लावून बसल्या की त्यांचे पाय समोरच्या भिंतीला लागत. त्या म्हणायच्या, गुडघ्याला बरं पडतंय, वाकवायलाच येत नाहीत. झोपाळ्याची फळी कोपऱ्यात उभी होती. तिची एक बाजू चकचकीत झाली होती, दुसरी अजून खरबरीत होती. तिच्यावर रंधा धरायचा तर फळी आडवी टाकायलाच जागा उरली नव्हती.

एक दिवस शेवंताबाई तांदूळ निवडता निवडता थांबल्या.

"मला झोपाळा नको," त्या म्हणाल्या.

मेस्त्रींनी कोपऱ्यातल्या फळीकडे बघितलं.

"मला आपली खोली पायजे. ते म्हणालेत न्हवं, घर तुमचंच हाय म्हणून? मग जावा. फळी घ्या, रंधा घ्या, त्यांच्यात बसा आणि ओढा. त्यांची सून पोरगी हाय, तिची खाट ऱ्हाऊ दे. बाकीचं आणा."

"मागायचं म्हंजे..."

"मागा की. आजवर आपण कुणाचं काय मागितलंय?"

"त्याचीच तर सवय न्हाई," मेस्त्री म्हणाले.

तरी त्यांनी फळी खांद्यावर घेतली, रंधा कापडात गुंडाळला आणि ते शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. सुतार फळी आणि रंधा घेऊन दारात उभा आहे याचा अर्थ काय, हे आता संतोषनगरात लहान पोरालाही कळलं असतं. श्रीपाल खुर्चीतून उठले. पद्मावतींनी हातातली वाटी खाली ठेवली. सून त्रिशला खाटेवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं पदर सारखा केला आणि उभी राहिली.

"या की मेस्त्री," श्रीपाल म्हणाले. "बसा."

बसायला जागा पुष्कळ होती. मेस्त्रींनी खाट बघितली. चादर ताणून घातली होती, उशांवर त्रिशलानं स्वतः विणलेले अभ्रे होते. मग कपाट बघितलं. कपाटाच्या आरशात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, खांद्यावर फळी घेतलेलं.

"काय काम काढलं?" श्रीपालांनी विचारलं.

"काम न्हाई," मेस्त्री म्हणाले. "फळी ठेवायला आलतो. आमच्यात जागा न्हाई."

श्रीपालांनी मोठा श्वास सोडला. "एवढंच व्हय! ठेवा की. हितं ठेवा, कपाटाच्या बाजूला. अगं, चहा टाक मेस्त्रींना."

मेस्त्रींनी फळी टेकवून ठेवली. हात मोकळे झाले तसा रंधाही तिथंच ठेवला. त्रिशलानं कापड उलगडून तो बघितला. तिनं तो याआधी कधी हातात घेतला नव्हता.

"मामा, ह्याला मूठ न्हाई?"

"न्हाई. दोनी हातांनी असा धरायचा."

"आणि ढकलायचा?"

"ओढायचा. आपल्याकडं."

"मग काय होतं?"

"काय होत न्हाई, पोरी," श्रीपाल घाईनं म्हणाले. "लाकूड गुळगुळीत होतं."

मेस्त्रींना खोटं बोलायचं नव्हतं आणि श्रीपालांना खोटं पाडायचंही नव्हतं. "लाकूड गुळगुळीत होतं," ते म्हणाले, "आणि भिंत येती."

"कुठली?"

"जिच्याकडं तोंड, ती."

त्रिशलानं खाली बघितलं. तिच्या पायाखाली तांबडी फरशी होती. ती सासरी आली तेव्हापासून खोलीत करडी फरशी तेवढीच होती आणि तांबडी वाढत होती, आणि तिला वाटायचं की इकडे तशीच पद्धत असेल.

"आणि ही फळी कशाची?"

"झोपाळ्याची."

"कुणाच्या?"

मेस्त्रींनी भिंतीकडे मान केली. भिंतीपलीकडे शेवंताबाई तांदूळ निवडत होत्या. सुपाचा आवाज येत होता. "हिच्या," ते म्हणाले. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि ते घरी गेले.

"मागितलं?" शेवंताबाईंनी विचारलं.

"फळी ठेवून आलो."

शेवंताबाईंनी त्यांच्या हातांकडे बघितलं. "आणि रंधा?"

"तोपण."

"म्हंजे आता फळीपण त्यांची आणि रंधापण त्यांचा." त्यांनी सूप पुढं ओढलं. "तुमी एक करा, मलापण नेऊन ठेवा. माझीपण हितं अडचणच हाय."

मेस्त्री हसले नाहीत. शेवंताबाईही हसल्या नाहीत. दोघं समोरासमोर बसले, म्हणजे गुडघ्याला गुडघे लावून बसले, कारण दुसरं बसताच येत नव्हतं. त्या दिवसापासून शेवंताबाईंनी भिंतीचं नाव काढलं नाही. मेस्त्रींना तेच जड गेलं. त्या बोलत होत्या तोवर त्यांना अजून काहीतरी हवं आहे असं वाटत होतं.

पुढं काही दिवसांनी, भर दुपारी, म्हणजे दोन ते चारच्या मधल्याच वेळात, शेवंताबाई भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मेस्त्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पटाशीला तेल लावत होते. तेव्हा तो आवाज आला. बारीक, ओल्या पाटीवरून बोट ओढल्यासारखा. मात्र मध्येच तुटणारा. कुणीतरी ओढत होतं, पातं अडकत होतं, परत ओढत होतं.

शेवंताबाई हळूहळू मागं कलल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "माझ्या पाठीमागची भिंत चाललीय."

"हात टेक. पडशील."

त्यांनी वळून भिंतीवर तळहात ठेवला. भिंत हाताखालून लांब गेली. त्या बसल्या बसल्याच थोड्या पुढं सरकल्या आणि परत हात ठेवला. ती परत गेली. मग त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या, आणि तळहात भिंतीवर ठेवून तिच्यामागून चालू लागल्या, एकेक पाऊल, एखाद्या वासराला गोठ्याकडं न्यावं तशा. पायाखालून तांबड्या फरश्या एकेक करत बाहेर येत होत्या, पुसलेल्या, स्वच्छ.

पलीकडून पद्मावतींचा आवाज आला. "अगं ए त्रिशला! काय चाललंय तुझं? कपाटाला लागंल की!"

"कपाट बाहेर काढलंय, आत्ती."

"बाहेर? बाहेर कुठं?"

"जिन्यात."

"तुझ्या बापानं दिलेलं कपाट जिन्यात? अहो, उठा की! ही पोरगी बघा काय करतीय!"

रंधा मात्र थांबला नाही. ओढणारा हात आता जरा सरावला होता. साल लांब निघत असावी, कारण भिंत दम न खाता जात होती. शेवंताबाई तिच्यामागून चालत होत्या आणि मेस्त्री हातात पटाशी धरून उभे होते. मग लाकडावर काहीतरी आदळावं तसा 'टक्' आवाज झाला आणि भिंत थांबली. मेस्त्रींना तो आवाज ओळखू आला. खाटेचं डोकं भिंतीला लागलं होतं.

खोली पहिल्याइतकी झाली नव्हती. पण एक झोपाळा टांगला, त्यावर एक माणूस बसलं, आणि त्यानं पाय जमिनीला टेकवत हलकासा झोका घेतला, तर तो कुठंही लागला नसता. मेस्त्रींनी टेप न लावताच हे बघितलं.

जरा वेळानं दार वाजलं. त्रिशला उभी होती. खांद्यावर फळी होती, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेला रंधा. केसांत लाकडाची साल अडकली होती आणि उजव्या तळहाताला रुमाल बांधला होता. तिच्या मागं, जिन्याच्या तोंडाशी, आरशाचं कपाट अर्धी वाट अडवून उभं होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. झोपमोड झाली असावी.

ती आत आली. तिनं फळी भिंतीला लावून उभी केली आणि रंधा खाली ठेवला. खरबरीत होती ती बाजू आता रंधलेली होती. जागोजागी पातं खोल गेलं होतं, दोन ठिकाणी तर नख बसेल एवढे खड्डे होते. मेस्त्रींनी फळीवरून हात फिरवला. खड्ड्यांवरूनही फिरवला.

"पोरी, हात बघू," शेवंताबाई म्हणाल्या. "लई लागलंय का? बस, हळद लावते. चहा टाकते."

"कपाट आत घ्यायला पायजे," मेस्त्री म्हणाले. "पावसाचं पाणी येतं तिथं."

त्रिशलानं खोलीवरून नजर फिरवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग तिनं शेवंताबाईंच्या पायांकडे बघितलं, ते जमिनीवर नीट, सरळ टेकलेले होते. तिनं पदरानं कपाळ पुसलं, उंबऱ्यात काढलेल्या चपला पायात घातल्या, आणि कपाटाला वळसा घालून आपल्या घरात गेली.